जर्मनीत एक सेमिस्टर: भाषा आपोआप येते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पदवीचं तिसरं वर्ष चालू आहे, जर्मनची बी1 परीक्षा (ए1 ते सी2 या सहा पायऱ्यांतली तिसरी) झाली आहे आणि ऑक्टोबरपासून एक सेमिस्टर एक्स्चेंजवर जर्मनीला जायचंय. विषय इंग्रजीतून घ्यावेत की जर्मनमधून, सहा महिन्यांत बोलणं सफाईदार होईल का, आणि ‘परदेशी शिकून आलं की मुलगा बदलतो’ असं लोक म्हणतात त्यात कितपत तथ्य आहे?

हे तीन प्रश्न वेगळे दिसतात, पण त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. तिथे रोज किती वेळ, कुणापाशी आणि कशासाठी तुमचं जर्मनवाचून अडणार आहे? परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांची तयारी करून घेताना मी सगळ्यात आधी हेच विचारते. भाषा अडल्यावर येते. जिथे अडत नाही तिथे कानावर कितीही जर्मन पडलं तरी ते पावसाच्या आवाजासारखं मागे चालू राहतं. आणि माणूस बदलतो तोही याच अडण्यातून बदलतो.

आधी हे सांगते की बरंच काही तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. इतिहास, समाजशास्त्र किंवा कायदा शिकणाऱ्याला जर्मनशिवाय गत्यंतर नसतं. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला अख्खं सेमिस्टर इंग्रजीत निभावता येतं. शहराचाही फरक पडतो. बर्लिनच्या मध्यवर्ती भागात इंग्रजीवर दिवस निघतो. मारबुर्ग, ट्युबिंगेन, ग्योटिंगेन ही विद्यापीठाची गावं. तिथे दुकानदार, बसचालक, घरमालक यांच्याशी जर्मनच बोलावं लागतं. ट्युबिंगेनला गेलात तर श्वाबिश बोली कानावर येईल आणि पहिले पंधरा दिवस वाटेल की आपण भलतीच भाषा शिकून आलो. घाबरू नका, वर्गात सगळे प्रमाण जर्मनच बोलतात. तुमचं कॉलेज किती क्रेडिट मागतं, हाही मुद्दा आहेच. युरोपातल्या पद्धतीत सेमिस्टरला 30 ईसीटीएस क्रेडिट हा पूर्ण भार धरतात आणि एका क्रेडिटमागे 25 ते 30 तासांचं काम. कॉलेजने पूर्ण 30 मागितले, तर भाषेसाठी वेळ कुठून काढायचा हे निघण्यापूर्वीच ठरवावं लागेल. कॉलेजची हरकत नसेल तर 20 ते 24 क्रेडिटचे विषय घ्या आणि उरलेला वेळ भाषेला द्या, असं माझं मत आहे. मात्र हे सगळं लर्निंग अॅग्रीमेंटवर (तिथे कोणते विषय घेणार याचा करार) सही होण्याआधी लेखी पक्कं करा. तिथल्या भाषावर्गाला क्रेडिट मिळतात, पण ती आपल्याकडे धरली जातीलच असं नाही.

आता तासांचा हिशेब. बी1 खरोखर पक्कं असेल तर बी2 गाठायला मी साधारण 200 ते 250 तास धरते, वर्ग आणि स्वतःचा अभ्यास मिळून. हिवाळी सेमिस्टरची व्याख्यानं ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात आणि फेब्रुवारीच्या मध्याच्या आसपास संपतात, मध्ये नाताळची सुट्टी. म्हणजे हाताशी जेमतेम 15 आठवडे येतात. आठवड्याला 15 तास लक्ष देऊन जर्मन केलं तर 225 तास होतात. म्हणून एका सेमिस्टरमध्ये बी1 वरून चांगलं बी2 ही रास्त अपेक्षा आहे. सी1 ची अपेक्षा धरून गेलात तर डिसेंबरमध्ये निराश व्हाल आणि नेमका तेव्हाच प्रयत्न सोडाल.

‘लक्ष देऊन’ हे मुद्दाम म्हटलं. कॅनडात इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना वर्षानुवर्षं फ्रेंच माध्यमातून शिकवत. त्यांचं ऐकणं-वाचणं जवळजवळ फ्रेंच मुलांइतकं चांगलं झालं, पण बोलण्या-लिहिण्यातल्या चुका तशाच राहिल्या. भाषाशिक्षणाच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांनी 1985 साली यावरून मांडलं की समजणं आणि बोलता येणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ऐकताना संदर्भावरून अर्थ लागतो, व्याकरणावर नजर जावीच लागत नाही. बोलताना मात्र शब्दाचं लिंग, विभक्ती, क्रियापदाची जागा सगळं स्वतःच ठरवावं लागतं, आणि आपल्याला काय येत नाही ते तिथे कळतं. म्हणून ‘तिथे राहिलं की येईल’ या भरवशावर राहू नका.

विषय निवडताना नावापेक्षा प्रकार बघा. फोरलेझुंग म्हणजे मोठ्या सभागृहातलं व्याख्यान. तिथे दोनशे जणांत बसून ऐकायचं, बोलायचा प्रश्नच नाही. यूबुंगमध्ये दर आठवड्याला प्रश्नांचा कागद मिळतो आणि बऱ्याच ठिकाणी दोघातिघांच्या गटाने तो सोडवून द्यायचा असतो. सेमिनारमध्ये रेफेरात, म्हणजे वर्गापुढे सादरीकरण, आणि शेवटी हाउसआर्बाइट, म्हणजे पंधराएक पानांचा निबंध. बी1 घेऊन येणाऱ्याला माझा सल्ला असा: मुख्य दोन-तीन विषय इंग्रजीतून, एक यूबुंग जर्मनमधून, आणि विद्यापीठाच्या भाषाकेंद्रातला आठवड्याला चार ते सहा तासांचा जर्मन वर्ग. जर्मन सेमिनार पहिल्याच सेमिस्टरला घेऊ नका, निदान हाउसआर्बाइटसकट घेऊ नका. यूबुंगवर माझा भर आहे त्याला कारण आहे. तिथे गटातल्या दोघांना कागद वेळेवर द्यायचा असतो आणि त्यांचं तुमच्यावाचून अडतं, तुमचं त्यांच्यावाचून. गणित किंवा आकृती समोर असल्यामुळे अर्ध्या वाक्यातही काम भागतं. गप्पा मारताना शब्द सुचला नाही की संभाषण मरतं, इथे तसं होत नाही.

भाषाकेंद्रात सुरुवातीला चाचणी घेऊन पातळी ठरवतात. तिची नोंदणी बहुधा सेमिस्टर सुरू होण्याआधीच बंद होते, तेव्हा तारीख आधी काढून ठेवा. चाचणीत वरची पातळी आली म्हणून खूश होऊन वर बसू नका. कागदावरचं व्याकरण आपल्याकडच्या मुलांचं चांगलं असतं, बोलणं एक पायरी मागे असतं. शंका आली तर खालचा वर्ग घ्या.

राहण्याचं बोलायचं तर, आपल्याच देशातल्या मुलांबरोबर राहण्यात गैर काही नाही. आजारी पडल्यावर तेच धावून येतात. पण स्वयंपाकघर जर्मन मुलांबरोबर सामायिक असेल अशी खोली मिळाली तर सोडू नका. वेगे, म्हणजे तीन-चार जणांनी मिळून घेतलेलं घर, यात कचरा कुणी काढायचा, फ्रिजचा कुठला कप्पा कुणाचा, न्हाणीघर कधी धुवायचं, या बोलण्यातून जी भाषा येते ती पुस्तकात सापडत नाही. अडचण एवढीच की तुम्ही अडखळलात की समोरचा चांगुलपणाने इंग्रजीवर येतो. तेव्हा एक वाक्य पाठ असू द्या: ‘क्योनन विअर बिटं बाय डॉइच ब्लाइबन?’ म्हणजे ‘आपण जर्मनमध्येच बोलूया का?’ तरी समोरचा इंग्रजीत बोलला तर तुम्ही जर्मनमध्येच उत्तर देत राहा. तिसऱ्या-चौथ्या वाक्याला तो परत येतो. मात्र बँकेचा, विम्याचा किंवा भाडेकराराचा मुद्दा असेल तर हट्ट करू नका. जिथे चूक महागात पडते तिथे जी भाषा पक्की येते तीच वापरा.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण मराठी मुलांच्या बाबतीत ती हमखास निसटते. आपण जर्मन शिकतो ते इंग्रजीच्या खांद्यावर बसून. पुस्तकं तशी, अॅप तशी. त्यामुळे थंडी वाजली की मूल म्हणतं ‘इश बिन काल्ट’, म्हणजे ‘मी थंड आहे’. जर्मन माणसाला ते ‘मी भावनाशून्य आहे’ असंही ऐकू येतं. बरोबर वाक्य आहे ‘मिअर इस्ट काल्ट’. यातलं ‘मिअर’ म्हणजे मराठीतलं ‘मला’. मला थंडी वाजते, मला बरं वाटत नाही, मला पुस्तक आवडतं, ही आपली रोजची रचना जर्मनमध्ये जशीच्या तशी भेटते. ‘मला पुस्तकं आवडतात’ म्हणताना आपलं क्रियापद पुस्तकांप्रमाणे चालतं, माझ्याप्रमाणे नाही. ‘मिअर गेफालन दी ब्यूशर’ मध्येही अगदी तसंच. शाळेत विभक्तीचा तक्ता पाठ केला होता ना? नॉमिनाटिव म्हणजे प्रथमा, अकुझाटिव म्हणजे द्वितीया, डाटिव म्हणजे चतुर्थी, गेनिटिव म्हणजे षष्ठी. ‘पंचवीस’मध्ये पाच आधी आणि वीस नंतर, ‘फ्युन्फउंटत्स्वान्त्सिश’मध्येही तेच. ‘हाल्ब ड्राय’ ऐकून इंग्रजीतून विचार करणारा साडेतीनला जातो, पण त्याचा अर्थ अडीच. दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे ‘ड्रायफिअर्टल ड्राय’ म्हणतात, म्हणजे आपले पावणेतीन. शब्द ‘तीन’चाच, वेळ तिनाच्या आधीची. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं, तेही आपल्याला परकं नाही.

सगळंच जमतं असं मात्र नाही. तीन लिंगं दोन्हीकडे आहेत, पण जुळत नाहीत. आपल्याकडे ती सुरी, त्यांच्याकडे ‘दास मेसर’, नपुंसकलिंगी. आणि ‘ग्रंथालयात जातो’, ‘ग्रंथालयात बसतो’ या दोन्हीला आपल्याला ‘ग्रंथालयात’ पुरतं. जर्मनमध्ये जाताना ‘इन दी बिब्लिओटेक’, बसताना ‘इन देअर बिब्लिओटेक’. इथे मराठीचा आधार सुटतो, म्हणून हा भाग वेगळा घोटा.

यासाठी मी मुलांना एक वही ठेवायला लावते. पानावर तीन रकाने. पहिल्यात मला काय म्हणायचं होतं ते मराठीत, दुसऱ्यात मी प्रत्यक्षात जर्मनमध्ये काय म्हटलं, तिसऱ्यात तिथला माणूस ते कसं म्हणतो. उदाहरणार्थ, पहिला रकाना: ‘उद्या मला जमणार नाही.’ दुसरा: ‘इश कान मॉर्गन निश्त.’ चूक नाही, पण जरा कोरडं. तिसरा: ‘मॉर्गन क्लाप्ट एस बाय मिअर लायडर निश्त.’ हे ‘क्लाप्ट’ म्हणजे हुबेहूब आपलं ‘जमतं’. हा शब्द बी1 पर्यंत कुठेतरी येऊन गेलेला असतो, पण हाताशी नसतो, कारण इंग्रजीतून गेलं की ‘मी करू शकत नाही’ एवढंच सुचतं. तसंच ‘डॉख’ आणि ‘माल’ या छोट्या शब्दांचं. ‘कॉम डॉख माल राइन’ याचा शब्दशः अर्थ लावत बसू नका, ते आपलं ‘अगं ये ना आत’ आहे. त्यातला ‘ना’ काढून बघा, म्हणजे डॉख-माल काढल्यावर काय होतं ते कळेल. रोज पाच नोंदी पुरतात. तिसरा रकाना भरायला माणूस लागतो. टँडेम जोडीदार, म्हणजे जो तुमच्याकडून एखादी भाषा शिकेल आणि तुम्हाला जर्मन शिकवेल, तो बहुतेक विद्यापीठांत भाषाकेंद्रामार्फत मिळतो. भेट दीड तासाची ठेवा. 45 मिनिटं एक भाषा, घड्याळ लावून, मग दुसरी. घड्याळ नसेल तर दोन आठवड्यांत सगळं इंग्रजीत घसरतं.

ही वही दर रविवारी चाळा. एकच चूक दुसऱ्या रकान्यात तीनदा दिसली तर पुढच्या आठवड्यात तेवढ्या एकाच चुकीवर लक्ष द्या, बाकीच्या राहू द्या. बोलता बोलता सगळ्या चुका सुधारायला गेलं की तोंडच उघडत नाही. उलट कुणीच सुधारलं नाही आणि काम भागत राहिलं की चूक घट्ट बसते, मग वर्षानुवर्षं निघत नाही.

नोव्हेंबरपर्यंत दुकानात, स्वयंपाकघरात, मेन्झात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, बोलणं बरंच मोकळं होईल. याच टप्प्यावर एक फसगत होते. रोजचं बोलणं आणि अभ्यासाची भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा फरक भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी 1979 मध्ये मांडला, आणि शिकवताना तो रोज दिसतो. स्वयंपाकघरात मोकळं बोलणारं मूल पाठ्यपुस्तकाचं एक पान वाचायला तास घेतं. अभ्यासाच्या जर्मनमध्ये लांबलचक नामं, कर्मणी प्रयोग आणि ‘असे दिसून येते की’ छापाची ठरलेली वाक्यं असतात. ती बोलण्यातून येत नाहीत, वाचूनच येतात. यूबुंगचा विषय जो असेल त्याच विषयाचं जर्मन पुस्तक घ्या, रोज दोन पानं, आणि त्यातले नुसते शब्द नाही तर पूर्ण वाक्यांच्या चौकटी उतरवा. वीस-पंचवीस चौकटी आल्या की वाचण्याचा वेग एकदम वाढतो, कारण लेखक त्याच त्याच वापरतात.

काही लहान गोष्टी, ज्यांवरून दरवर्षी कुणीतरी अडचणीत येतं. वेळापत्रकात ‘10 सी. टी.’ लिहिलं असेल तर तास सव्वादहाला सुरू होतो, ‘एस. टी.’ असेल तर बरोबर दहाला. घर मिळालं की दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा, त्यासाठी घरमालकाच्या सहीचा दाखला लागतो. तो पहिल्याच दिवशी मागून घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं: विषयाला नाव नोंदवलं म्हणजे परीक्षेला नोंदलं असं नाही. परीक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते, तिची मुदत असते, आणि ती चुकली तर बहुतेक ठिकाणी परीक्षेला बसू देत नाहीत. गुण 1.0 हे सर्वोत्तम, 4.0 ला पास, 5.0 म्हणजे नापास. परत आल्यावर कॉलेजच्या कार्यालयात गुणपत्रिका देताना हा खुलासा सोबत जोडा, नाहीतर 1.3 म्हणजे काठावर पास असं कुणीतरी समजेल.

आता ‘माणूस बदलतो का’ याकडे येते. पहिले तीन-चार आठवडे नवलाईत जातात. मग नोव्हेंबरच्या शेवटाला साडेचारच्या सुमारासच अंधार पडू लागतो, यूबुंगचे कागद साचतात, आणि एक विचित्र भावना येते. मराठीत मी हजरजबाबी आहे, वाद घालू शकतो, कुणाची समजूत काढू शकतो. इथे मी ‘हो’, ‘नाही’, ‘छान आहे’ एवढ्यावर आलोय. लोक मला साधा, गप्प मुलगा समजतात. हे दुखणं खरं आहे आणि ते जवळजवळ सगळ्यांना होतं, हुशार आणि बोलक्या मुलांना जास्त. याच आठवड्यांत बरेच जण आपल्या खोलीत आणि आपल्या भाषेच्या ग्रुपमध्ये शिरतात आणि मार्चपर्यंत बाहेर येत नाहीत. म्हणून ऑक्टोबरमध्ये उत्साह असतानाच आठवड्याच्या दोन गोष्टी बांधून घ्या, ज्या मन नसलं तरी चुकवता येणार नाहीत: टँडेमची भेट आणि विद्यापीठाच्या क्रीडाकेंद्रातला एखादा वर्ग. खेळात कमी शब्दांत पूर्ण माणूस म्हणून वावरता येतं, आणि त्या दिवसांत त्याची फार गरज असते. घरी फोन जरूर करा, पण रोज रात्री दोन तास नको.

या काळातून जो चालत राहतो त्याच्यात मला परत आल्यावर काही ठळक फरक दिसतात. ‘मला समजलं नाही, पुन्हा सांगाल का’ हे तो चारचौघांत सहज विचारतो, कारण तिथे दिवसातून दहा वेळा विचारलेलं असतं. प्राध्यापकांच्या भेटीच्या ठरलेल्या वेळेत जाऊन नेमका प्रश्न मांडायची सवय लागलेली असते. बी2 च्या जर्मनमध्ये पाल्हाळ लावता येत नाही, म्हणून आधी मुद्दा, मग कारण, असं बोलणं अंगवळणी पडतं आणि ते मराठी-इंग्रजी लिखाणातही उतरतं. हजेरीची सक्ती क्वचितच आणि शेवटी एकच परीक्षा, अशा पद्धतीत आपला आठवडा आपण आखायला तो शिकतो. वर्गात नीट न बोलता येणाऱ्या मुलाकडे तो वेगळ्या नजरेने बघतो. आणि आपल्या मराठीकडेही, कारण ‘मला आवडतं’ मधला ‘मला’ चतुर्थीचा आहे हे त्याला पहिल्यांदा खरोखर कळलेलं असतं.

हे बदल आपोआप होत नाहीत. पूर्ण सेमिस्टर इंग्रजीत आणि ओळखीच्या मंडळींत काढलं तर चांगली सहल होते, क्रेडिटही मिळतात. फक्त त्याला भाषा शिकणं म्हणू नका.

निघायला दोन महिने असतील तर आत्ता एवढं करा. रोज वीस मिनिटं मोठ्याने बोलून स्वतःचं रेकॉर्डिंग करा: आज काय केलं, उद्या काय करायचंय. पत्ता नोंदणी, बँक, विमा, भाडेकरार या चार प्रसंगांचे तीस-तीस शब्द पाठ करा, कारण पहिल्या पंधरवड्यात लागतात ते हेच. विषयाच्या मूलभूत संज्ञांची जर्मन यादी करा. व्याकरणाची नवी प्रकरणं उघडू नका, बी1 चंच जिभेवर येऊ द्या.

बी2 परीक्षा शक्यतो तिथून निघण्यापूर्वी किंवा परतल्यावर सहा आठवड्यांच्या आत द्या. ग्योटे संस्थेच्या परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग वेगवेगळे देता येतात आणि प्रत्येकात 100 पैकी 60 लागतात. तिथून आलेल्यांचं संभाषण आणि श्रवण सहज निघतं, अडतं ते लेखनात, त्यातही औपचारिक पत्रात. जानेवारीपासून आठवड्याला एक पत्र लिहून भाषाकेंद्रातल्या शिक्षकांकडून तपासून घ्या. परीक्षेच्या जागा लवकर भरतात, तेव्हा तारीख डिसेंबरमध्येच बघून ठेवा.